‘माझ्याच भावाला ब्रेन ट्यूमर का झाला?’ : कारणांविषयी आज काय ठाऊक आहे

आपल्या ३८ वर्षांच्या धाकट्या भावाला अचानक फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली, शस्त्रक्रिया झाली आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘आयडीएच-म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड ३’ असे निदान आले. तेव्हापासून घरात कारणाचा शोध चालू आहे. भावजयीला वाटते की उशाशी मोबाईल घेऊन झोपण्याची त्यांची सवय आपण मोडायला हवी होती. आईंना आठवते की नऊ वर्षांचा असताना तो चिंचेच्या झाडावरून डोक्यावर पडला होता. सोसायटीतले लोक समोरच्या गच्चीवरील टॉवरकडे बोट दाखवतात. आणि आपल्याला स्वतःला त्यांच्या दोन मुलांची काळजी लागली आहे. डॉक्टरांनी ‘कारण सांगता येत नाही’ एवढेच सांगितले आणि ते टाळाटाळीचे उत्तर वाटले, असे आपण लिहिले आहे.

मी मेंदूच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते, आणि बहुधा रुग्ण खोलीबाहेर गेल्यावर विचारते. त्यामागे कुतूहल थोडे आणि अपराधभाव फार असतो, असा माझा अनुभव आहे. आपल्या डॉक्टरांचे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. एका ठरावीक माणसाला हा रोग का झाला, हे बहुतेक वेळा खरोखरच सांगता येत नाही. मात्र हजारो-लाखो माणसांत कशामुळे हा धोका वाढतो आणि कशामुळे वाढत नाही, याविषयी बरेच काही ठाऊक आहे. त्यातून घरातल्या चारही शंकांना उत्तरे देता येतात. भावाचे स्कॅन किंवा स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे उपचारांविषयी मी लिहीत नाही. आणि मुलांविषयी जे लिहीन ते आपल्या घराण्याच्या वैद्यकीय इतिहासावर अवलंबून राहील.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचे सगळे गोंधळाचे होते. ब्रेन ट्यूमर हा एक रोग नाही. मोठ्या माणसांच्या मेंदूतील कर्करोगाच्या गाठींपैकी पुष्कळशा मुळात मेंदूच्या नसतातच. फुफ्फुस, स्तन, मूत्रपिंड अशा अवयवांतील कर्करोग रक्तावाटे तेथे पोचलेला असतो. अशा गाठीचे कारण शोधायचे ते मूळ अवयवात. मेंदूतच किंवा त्याच्या आवरणात उगम पावणाऱ्या गाठी वेगळ्या, आणि त्यांचेही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात शंभराहून अधिक प्रकार आहेत. आवरणातून निघणारा मेनिंजिओमा बहुतेक वेळा सौम्य असतो आणि तो स्त्रियांत अधिक आढळतो. मुख्यतः मुलांमध्ये, डोक्याच्या मागच्या भागातील लहान मेंदूत (सेरेबेलममध्ये) होणारा मेड्युलोब्लास्टोमा हा जवळजवळ विकासाच्या काळातला बिघाड आहे. आपल्या भावाची गाठ ग्लिओमा या गटातली, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींशी नाते असलेली आहे. या तिन्हींना एकच कारण असेल अशी अपेक्षा धरणे चूक आहे, आणि ‘अमक्यामुळे ब्रेन ट्यूमर होतो’ असे सरसकट विधान कोणी केले, की पहिला प्रश्न ‘कोणता?’ हाच विचारावा.

आपल्याकडे याला आणखी एक फाटा आहे. फिट आली आणि स्कॅनमध्ये लहानशी गोल गाठ दिसली, तर ती क्षयाची किंवा फीतकृमीच्या अळीची असण्याची शक्यता भारतात बरीच असते. या दोन्हींचे कारण पक्के ठाऊक आहे आणि दोन्ही औषधांनी बऱ्या होऊ शकतात. ‘शेजारच्या अमुक माणसाची मेंदूतली गाठ गोळ्यांनी विरघळली’ या कथा बहुधा तेथूनच आलेल्या असतात. आपल्या भावाचे निदान तुकडा तपासून झालेले असल्याने त्या कथा त्यांना लागू करू नयेत.

आता ग्लिओमा तयार कसा होतो ते पाहू. शरीरातील पेशी विभागते तेव्हा डीएनएची संपूर्ण प्रत तयार होते. पोथ्या नकलून काढणारा लहिया कितीही काळजीपूर्वक लिहीत असला तरी पानागणिक एखादी काना-मात्रेची चूक राहतेच, आणि पुढचा लहिया ती चूकही इमानाने उतरवून घेतो. पेशींचेही तसेच आहे. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, काही दुरुस्त होतात, पण क्वचित एखादी नेमकी वाईट जागी पडते. ‘आयडीएच’ हे जनुक पेशीतल्या ऊर्जाचक्रातील एका विकराचे (एन्झाइमचे) आहे. काही ग्लिओमांमध्ये या जनुकात बदल असतो हे २००८ साली उघड झाले; अहवालातील ‘म्युटंट’ या शब्दाचा अर्थ तोच. बदललेला विकर एक वेगळेच रसायन तयार करतो. ते साचले, की कोणती जनुके चालू राहावीत आणि कोणती बंद, याचे नियमन बिघडते आणि पेशी परिपक्व होण्याऐवजी अर्धवट अवस्थेत विभागत राहते. पुढे टीपी५३, एटीआरएक्स अशा जनुकांत बिघाड होऊन गाठ आकार घेते.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, हा बदल सहसा जन्मतः आलेला नसतो. तो आयुष्यात कधीतरी मेंदूतल्या एका पेशीत घडतो. तो रक्तात नसतो, बीजात नसतो, आणि म्हणून मुलांकडे जात नाही. दुसरी, या प्रकारच्या गाठी सुरुवातीला मंद वाढतात आणि फिट येण्याआधी बहुधा काही वर्षे डोक्यात असतात. त्यामुळे गेल्या वर्षी काय घडले, नोकरीतला ताण किती होता, जेवणाच्या वेळा कशा होत्या, यात कारण शोधणे म्हणजे चुकीच्या काळात शोधणे होय.

मग ती पहिली चूक कशामुळे पडली? येथे इतर कर्करोगांशी तुलना उपयोगी पडते. धूम्रपान करणाऱ्याच्या फुफ्फुसातील गाठीचा डीएनए वाचला, तर तंबाखूच्या धुराने पाडलेल्या चुकांची विशिष्ट ठेवण त्यात दिसते. उन्हाने झालेल्या त्वचेच्या कर्करोगात अतिनील किरणांची ठेवण दिसते. ग्लिओमात मात्र बहुतांशी वयानुसार आपोआप साचत जाणाऱ्या चुकांचीच ठेवण आढळते. बाहेरच्या एखाद्या मोठ्या गुन्हेगाराचे ठसे तेथे सहसा मिळत नाहीत. पेशींच्या विभागणीत आपोआप पडणाऱ्या चुकांचा कर्करोगात किती वाटा आहे, यावर २०१५ साली अमेरिकेतील तोमासेट्टी आणि व्होगेलस्टाइन यांच्या शोधनिबंधाने मोठा वाद झाला, आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्यांत जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्थाही होती. तो आक्षेप मला पटतो, कारण ‘कर्करोग म्हणजे नशीब’ असा अर्थ काढला गेला तर तंबाखू विकणाऱ्यांचेच फावेल. ग्लिओमापुरते मात्र योगायोगाचे माप जड आहे, असे माझे मत आहे.

आणि तंबाखूचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : कर्करोगाच्या कारणांविषयी वैद्यकशास्त्र अंधारात आहे, असा समज यातून होऊ देऊ नये. तंबाखू, सुपारी, मद्य, एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी हे विषाणू, अ‍ॅस्बेस्टॉस, धान्याला बुरशी लागून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन ही कारणे सिद्ध झालेली आहेत. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, आणि त्यात मशेरी लावणाऱ्या स्त्रियाही येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील जगभर उद्धृत होणारा एक अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १,३१,००० स्त्रियांवर झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत दिसले. जेथे कारण हाती लागते तेथे असे काम करता येते. ग्लिओमाची अडचण ही, की तंबाखू आणि मद्य यांच्यासारख्या मोठ्या अपराध्यांशीही त्याचे ठाम नाते सापडत नाही. भावाने सिगारेट ओढली असेल, तरी त्यावर या गाठीचे खापर फोडता येत नाही. सोडायला मात्र ती हवीच.

प्राथमिक ब्रेन ट्यूमरच्या बाबतीत निर्विवाद सिद्ध झालेली कारणे प्रामुख्याने दोन : आयनीकारी किरणोत्सर्ग (म्हणजे क्ष-किरणांसारखी, डीएनए तोडू शकणारी किरणे) आणि काही दुर्मीळ आनुवंशिक विकार.

किरणोत्सर्गाचा सर्वांत बोलका पुरावा इस्रायलमधला आहे. १९४८ ते १९६० या काळात तेथे मुख्यतः उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून स्थलांतरित होऊन आलेल्या सुमारे ११,००० मुलांच्या डोक्यावरील गजकर्ण घालवण्यासाठी क्ष-किरण दिले गेले. त्या काळी ती रूढ उपचारपद्धती होती. त्या मुलांचा मागोवा दशकानुदशके घेतला गेला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्यांच्यात मेनिंजिओमाचे प्रमाण सुमारे साडेनऊ पट आणि ग्लिओमाचे सुमारे अडीच पट आढळले. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मेंदूवर रेडिएशन घेतलेल्या मुलांतही पुढे असाच धोका दिसला. यातून मिळालेले धडे तीन : बालपणीचा मेंदू अधिक संवेदनशील असतो, मात्रा वाढली की धोका वाढतो, आणि गाठ दिसायला अनेकदा काही दशके लागतात.

सीटी स्कॅनमध्येही क्ष-किरणच वापरले जातात, म्हणून पालक विचारतात. ब्रिटनमधील २०१२ च्या मोठ्या अभ्यासानुसार दहा वर्षांखालील मुलांच्या १०,००० सीटी स्कॅनमागे पुढील दहा वर्षांत ब्रेन ट्यूमरचा अंदाजे एक जादा रुग्ण संभवतो. डोक्याला गंभीर मार लागलेल्या मुलासाठी हा धोका नगण्य मानून स्कॅन करावाच. पण पलंगावरून पडलेले, रडून शांत झालेले आणि खेळू लागलेले मूल ‘मनाची खात्री म्हणून’ स्कॅनला आणतात, तेव्हा मी नकार देतो आणि काही तास निरीक्षणाखाली ठेवतो. बऱ्याच पालकांना ते आवडत नाही. एमआरआयमध्ये असे किरण नसतात.

यावरून भावाच्या रेडिओथेरपीबद्दल मात्र शंका घेऊ नये. ग्रेड ३ च्या, म्हणजे आक्रमक मानल्या जाणाऱ्या, गाठीत त्या उपचाराचा लाभ नजीकच्या वर्षांत मिळणारा आणि मोठा असतो. अनेक वर्षांनी संभवणाऱ्या दुसऱ्या गाठीचा धोका त्याच्या तुलनेत फारच लहान असतो. या कारणासाठी रेडिएशन अर्धवट सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून हे आवर्जून लिहितो.

आता मोबाईल. मोबाईलच्या लहरी आणि क्ष-किरण यांना मराठीत बोलताना आपण सरसकट ‘रेडिएशन’ म्हणतो, पण डीएनएतील बंध तोडण्याइतकी ऊर्जा क्ष-किरणांत असते आणि मोबाईलच्या रेडिओलहरींत ती लाखो पटींनी कमी पडते. त्या ऊतींना किंचित उष्णता देऊ शकतात. त्यापलीकडे कर्करोग घडवणारी यंत्रणा अजून कोणी खात्रीने दाखवलेली नाही. यंत्रणा ठाऊक नाही म्हणून धोका नाही, असा युक्तिवाद मात्र मी करणार नाही, कारण वैद्यकाच्या इतिहासात उलटे अनेकदा घडले आहे. म्हणून माणसांवरील अभ्यास पाहावे लागतात.

भीतीचे मूळ बरेचसे १३ देशांतील ‘इंटरफोन’ अभ्यासात आहे. त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. मोबाईल नियमित वापरणाऱ्यांत ग्लिओमाचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा कमी दिसले, तर सर्वांत जास्त, म्हणजे एकूण १,६४० तासांहून अधिक बोलल्याचे सांगणाऱ्या गटात ते सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसले. मोबाईल ग्लिओमापासून रक्षण करतो असे कोणी मानत नाही. मग पहिला आकडा जसा अभ्यासाच्या पद्धतीतील त्रुटीतून आला तसा दुसराही आलेला असू शकतो. ही माणसे गाठ सापडल्यानंतर आठवून सांगत होती, आणि त्यांतील काहींनी सांगितलेले तास रोजच्या दिवसात बसणे कठीण होते. या आकड्यांचा आधार घेऊन २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओलहरींना ‘२बी’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, या वर्गात घातले. हा वर्ग पुरावा किती मजबूत आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. याच वर्गात पूर्व आशियातील पारंपरिक पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत.

त्यानंतरचे पुरावे एका दिशेने गेले आहेत. १४ देशांतील १० ते २४ वयोगटावर झालेल्या ‘मोबी-किड्स’ अभ्यासात धोका वाढलेला दिसला नाही. ‘कॉसमॉस’ या युरोपीय अभ्यासात अडीच लाखांहून अधिक लोकांचा वापर आजारापूर्वीच नोंदवून पुढे मागोवा घेतला गेला आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आला, की जास्त बोलणाऱ्यांत ग्लिओमा, मेनिंजिओमा किंवा श्रवणचेतेच्या गाठी अधिक आढळत नाहीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या, ६३ अभ्यासांच्या आढाव्याचाही हाच निष्कर्ष होता. मला स्वतःला सर्वांत पटणारा पुरावा याहून साधा आहे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड या देशांत कर्करोगाच्या नोंदी कित्येक दशकांपासून काटेकोरपणे ठेवल्या जातात. तेथे मोबाईल जवळजवळ प्रत्येकाच्या हाती येऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी ग्लिओमाच्या आलेखात त्याला साजेशी चढण दिसलेली नाही. आपल्याकडे रुग्ण वाढल्यासारखे वाटतात, ते बऱ्याच अंशी तालुक्याच्या गावापर्यंत सीटी आणि एमआरआय पोचल्यामुळे आणि माणसे अधिक वर्षे जगू लागल्यामुळे.

तेव्हा आपल्या भावजयीला हे स्पष्ट सांगा : उशाशी पडलेला फोन बहुतेक वेळ जवळजवळ काहीच प्रक्षेपित करत नसतो, आणि कानाला लावून तासन्‌तास बोलणाऱ्यांतही धोका सापडत नसेल तर उशीचा दोष धरता येत नाही. माझ्या वॉर्डात मोबाईलमुळे दाखल झालेले रुग्ण असतात, पण ते दुचाकी चालवताना मान वाकडी करून बोलत असतात.

टॉवरचे गणित तर आणखी सोपे आहे. अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते, त्यामुळे समोरच्या गच्चीवरील अँटेनापेक्षा कानाजवळचा फोन डोक्याला कितीतरी अधिक मात्रा देतो. टॉवर दूर असला तर फोनला अधिक जोर लावावा लागतो. भारताने २०१२ साली टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश मर्यादा लागू केली. सोसायटीला टॉवर नकोच असेल, तर इमारतीवर पडणारे वजन आणि डिझेल जनरेटर हे मुद्दे मांडावेत. डिझेलचा धूर फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून २०१२ सालीच पहिल्या वर्गात गेला आहे, आणि गंमत अशी, की टॉवरविरोधी सभेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

आईंच्या आठवणीतले चिंचेचे झाड. ज्याला गाठ झाली त्याच्या घरचे लोक बालपणीची प्रत्येक पडझड आठवतात. ज्याला झाली नाही त्याच्या घरी ती विसरलेली असते. म्हणून असा प्रश्न आठवणींवर न सोडता रुग्णालयाच्या नोंदींवरून सोडवावा लागतो. डेन्मार्कमध्ये डोक्याला मार लागून दाखल झालेल्या दोन लाखांहून अधिक लोकांचा असा मागोवा घेतला गेला. मार लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांच्यात गाठी जास्त सापडल्या, कारण माराच्या निमित्ताने स्कॅन झाला किंवा आधीच असलेल्या गाठीमुळेच ते पडले. पहिले वर्ष वगळल्यावर ग्लिओमात ठळक वाढ उरली नाही. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या त्या पडण्याचा या गाठीशी संबंध जोडू नये, असे आईंना निःशंकपणे सांगता येईल.

ताण, मायक्रोवेव्ह, केसांचा रंग यांच्याबाबत मांडण्यासारखा भरवशाचा पुरावा नाही. कीटकनाशकांबाबत मी थोडा थांबतो. फ्रान्समधील द्राक्षबागांच्या प्रदेशात आणि इतरत्र शेतकऱ्यांवर झालेल्या काही अभ्यासांत ब्रेन ट्यूमरशी संबंध सुचवला गेला आहे, काहींत तो दिसलेला नाही. कारण म्हणून ते सिद्ध झालेले नसले, तरी नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांनी फवारणी करताना हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी यासाठी या पुराव्याची वाट पाहण्याची गरज नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे बळी गेले, तेवढे कारण पुरे आहे.

आपल्या भावाशी संबंध नाही, पण हे वाचणाऱ्या स्त्रियांसाठी एक मुद्दा येथे नोंदवतो. मेनिंजिओमाच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला (हॉर्मोनला) पकडणारे रिसेप्टर असतात. २०२४ साली फ्रान्समधील मोठ्या अभ्यासात, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे गर्भनिरोधक इंजेक्शन वर्षभर किंवा अधिक काळ घेणाऱ्यांत शस्त्रक्रिया करावी लागलेल्या मेनिंजिओमाचे प्रमाण सुमारे साडेपाच पट आढळले. आपल्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘अंतरा’ नावाने मिळते ते हेच औषध. मुळात धोका इतका कमी असतो की साडेपाच पट होऊनही तो लहानच राहतो, आणि नको असलेल्या गर्भारपणाचे धोके कमी नसतात, म्हणून इंजेक्शन घाबरून बंद करू नये. ज्यांना मेनिंजिओमा झालेला आहे किंवा होऊन गेला आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना ते सांगून दुसरा उपाय निवडावा.

येथवरचा सारांश एवढाच, की मोबाईल, टॉवर आणि झाडावरून पडणे या तिन्ही शंका पुराव्यावर टिकत नाहीत, आणि बालपणी डोक्याला किरण दिलेले नसतील तर सिद्ध कारणांपैकी आनुवंशिकता तेवढी तपासायची राहते. मुलांविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे.

ग्लिओमाच्या सुमारे ५ टक्के रुग्णांच्याच घराण्यात दुसरा ग्लिओमा किंवा एखादा ठाऊक असलेला आनुवंशिक विकार आढळतो. मी कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकांना तीन पिढ्यांचा तक्ता काढायला लावतो आणि काही ठरलेले प्रश्न विचारतो. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, काखेत ठिपके, त्वचेवर मऊ गाठी आहेत का? असल्यास न्यूरोफायब्रोमॅटोसिस या, चेतांवर गाठी आणणाऱ्या आनुवंशिक विकाराचा विचार करतो. दोन्ही कानांच्या चेतांवर गाठी कोणाला झाल्या का? घराण्यात तरुण वयात स्तनाचा कर्करोग, हाडांचा किंवा स्नायूंचा कर्करोग (सार्कोमा), लहान मुलात मूत्रपिंडावरील अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीचा कर्करोग अशी मालिका आहे का? असल्यास टीपी५३ जनुकाचा जन्मजात दोष, म्हणजे ली-फ्रॉमेनी विकार, तपासावा लागतो. पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेले लोक आहेत का? असल्यास डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांचा दोष संभवतो.

या शेवटच्या गटात आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलांशी लग्ने होणाऱ्या घराण्यांत दोन्ही पालकांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते, आणि त्यांच्या अपत्यात दुरुस्ती जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर लहान वयातच ग्लिओमा, रक्ताचा किंवा आतड्याचा कर्करोग होऊ शकतो. अशा मुलांच्या अंगावरही चहाच्या रंगाचे डाग असतात, त्यामुळे न्यूरोफायब्रोमॅटोसिसशी गल्लत होते. ही स्थिती दुर्मीळ आहे. पण नात्यात लग्न आणि एकाहून अधिक भावंडांना कर्करोग अशी सांगड दिसली, तर मी जनुकतज्ज्ञांकडे पाठवल्याशिवाय राहत नाही.

वरीलपैकी काहीही आपल्या घराण्यात नसेल, तर मुलांची स्थिती अशी आहे : ग्लिओमाच्या रुग्णाच्या आई-वडील, भावंडे व मुले यांना हा रोग होण्याची शक्यता सर्वसाधारण माणसाच्या सुमारे दुप्पट असते. दुप्पट हा शब्द घाबरवणारा आहे, पण मुळातली शक्यता लाखात वर्षाला मोजक्या रुग्णांची असल्याने दुप्पट झाल्यावरही ती फार लहान राहते. आठव्या गुणसूत्रावरील एक जन्मजात भेद आयडीएच-म्युटंट ग्लिओमाची शक्यता सुमारे सहा पट करतो, असेही सिद्ध झाले आहे. तरीही तो भेद असलेल्या बहुसंख्य लोकांना हा रोग कधीच होत नाही, आणि म्हणून त्याची चाचणी करून व्यवहारात काही साधत नाही.

लक्षणे नसलेल्या मुलांचा ‘खात्रीसाठी’ एमआरआय करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २,००० सामान्य लोकांचे एमआरआय केले असता १.६ टक्के लोकांत एखादी सौम्य गाठ योगायोगाने सापडली. तशी काही खूण आपल्या भाच्यांच्या स्कॅनमध्ये निघाली, तर पुढची कित्येक वर्षे दर सहा महिन्यांनी स्कॅन आणि त्यामागची धास्ती एवढेच पदरी पडण्याची शक्यता अधिक. सकाळच्या उलट्यांसह वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, तोल जाणे, नजरेत किंवा वागण्यात नवा बदल, अशी लक्षणे दिसली तर कोणत्याही मुलाप्रमाणे त्यांनाही ताबडतोब दाखवावे.

एक काम मात्र आपण या आठवड्यातच करावे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे मेणातले ठोकळे, ज्यांना प्रयोगशाळेत पॅराफिन ब्लॉक म्हणतात, आणि स्लाइड कोठे ठेवल्या आहेत व किती वर्षे ठेवणार आहेत हे पॅथॉलॉजी विभागात विचारून लेखी घ्यावे. बऱ्याच ठिकाणी अर्ज केल्यास ब्लॉक नातेवाइकांच्या ताब्यात मिळतात. घरी ठेवल्यास कोरड्या, थंड जागी, उन्हापासून दूर ठेवावेत. पुढे घराण्याच्या तक्त्यात काही आढळले किंवा उपचारांसाठी नवी जनुकीय चाचणी लागली, तर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया न करता त्याच ब्लॉकवरून बहुतेक चाचण्या करता येतात. तक्ता तयार झाला आणि त्यात वर सांगितल्यापैकी एखादी खूण दिसली, तर नाव-गाव वगळून केवळ नाते, वय आणि आजार एवढे येथे लिहावे. जनुकतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे की नाही, ते मी कळवीन.